गाडी ओढेना म्हणून इंजेक्टर बदलायला निघालो होतो

आमची गाडी १४ वर्षांची आहे, २.२ लिटरचं टर्बो डिझेल, १,८२,००० किलोमीटर झालेत. दम कमी झालाय हे एका दिवसात कळलं नाही, हळूहळू कळलं, म्हणजे आधी जो चढ चौथ्यात निघायचा तो तिसऱ्यात निघायला लागला, मग तिसऱ्यातही पाय खाली दाबून ठेवावा लागायचा आणि मागे काळा धूर. मी आपलं समजून घेत होतो की वय झालं गाडीचं. मग एकदा पाच माणसं आणि सामान घेऊन चढावर एका भरलेल्या टेम्पोने मला ओव्हरटेक केलं, तेव्हा म्हटलं आता बास.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला, "इंजेक्टर गेलेत, चारही बदला." (इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल.) एका मित्राने सांगितलं की चिप लाव, रिमॅप कर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढव. रिमॅपचं तर मला नवलच वाटतं, इंजिन आहे तीच पॉवर देत नाहीये तर त्यात अजून डिझेल ओतून काय होणार, फक्त धूर वाढणार. इंजेक्टरचं मात्र जवळजवळ पटलं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं ना. पण काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, असंही असू शकतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सुदैवाने त्याआधी मी तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाईलवर आकडे बघायचे. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत नव्हता तरी आत एक कोड पेंडिंग पडलेला होता, पी०२९९. याचा अर्थ टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, प्रेशर हवं तेवढं बनत नाहीये. कोड टर्बोचं नाव घेतो म्हणून टर्बो बदलायला धावू नका हं, कोड फक्त तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही सांगत.

आता आकडे. नुसती किल्ली ऑन केली, इंजिन बंद, तेव्हा मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर, ९७ किलोपास्कल. हे बाहेरच्या हवेचं प्रेशर, समुद्रसपाटीला साधारण १०१ असतं आणि उंचावर कमी होत जातं, इथेच काही भलतं दिसलं तर सेन्सरच खोटं बोलतोय समजायचं. मग मोकळ्या रस्त्यावर तिसरा गिअर, २५०० आरपीएम, पाय पूर्ण खाली. मोबाईल बायकोच्या हातात, कारण मी एकदा स्क्रीनकडे बघितलं तर म्हणाली, "तू समोर बघ, आकडे मी वाचते." तिने वाचलं १४८. गाडीचा कॉम्प्युटर मागत होता २२०. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम अर्धा बार (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल) जास्त, जिथे सव्वा बारच्या आसपास हवं होतं.

त्याच राऊंडला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर, पण बघितलं. मागणी १४०० बार तर मिळत होतं १३९०, पाठोपाठ चालत होतं. म्हणजे पंप आणि डिझेल फिल्टर ठीक, फिल्टर चोंदला असता तर पाय दाबल्यावर हा आकडा मागे पडला असता. इंजेक्टरसाठी अजून एक साधी टेस्ट असते, रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि थोडा वेळ इंजिन चालवायचं, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो आतून गळतोय. आमच्या चारही जवळपास सारख्या भरल्या. तेव्हा डिझेलवाल्या बाजूचा नाद सोडला आणि हवेच्या मागे लागलो.

एअर फिल्टर काढला तर त्यात पाचोळा आणि अख्खा एक किडा. बदलला. फरक? १४८ चे १५२. ठीक आहे, बदलायचाच होता.

खरी गोष्ट इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपात निघाली. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा तो जाड रबरी होज वरून एकदम ठणठणीत दिसत होता, क्लॅम्पही घट्ट. मी खाली झोपून टॉर्च मारला तर त्याच्या बरोबर खाली चेसिसवर हाताच्या पंजाएवढा काळा तेलकट डाग, आणि त्याला धूळ चिकटून लेप झालेला. टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच, पण ती पाइपाच्या आत असायला पाहिजे, बाहेर कशी. होजच्या खालच्या बाजूने बोट फिरवलं तर काही लागेना. मग दोन्ही हातांनी पिळला तेव्हा बेंडजवळ एक चीर अशी ओठासारखी उघडली, बोटाच्या पेराएवढी, आणि हात सोडला की परत मिटली. म्हणून आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काही कळत नव्हतं, प्रेशर आलं की फुगायचं, उघडायचं आणि हवा भसाभसा बाहेर. चढावर फुस्स असा आवाज यायचा, तो मला इतके दिवस टर्बोची शिट्टी वाटत होता, घ्या. आणि काळ्या धुराचा पण उलगडा झाला, हवा मोजणारा सेन्सर अलीकडे बसलेला, त्याने मोजलेली हवा पुढे चिरेतून पळून जायची आणि डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडायचं.

नवीन होज टाकला, आकडा १९५. धूर जवळपास गेला. पण २००० च्या खाली गाडी अजून मरगळलेलीच. आमच्या टर्बोत आतल्या पात्या हलवायला व्हॅक्यूमचा अॅक्च्युएटर आहे, इंजिन चालू केलं की त्याचा दांडा ओढला जायला हवा आणि बंद केलं की परत यायला हवा. आमचा अर्धवटच ओढला जायचा. त्याची पातळ नळी उष्णतेने कडक होऊन टोकाला तडकली होती. पुढचा सेंटीमीटरभर भाग कापून परत बसवली, तात्पुरती, नंतर सगळ्याच नळ्या बदलून टाकल्या. आता २१५ पर्यंत जातंय.

त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ केला, आतली काजळी स्क्रूड्रायव्हरने खरवडावी लागली इतकी घट्ट. तो उघडा अडकला की जळका धूरच परत इंजिनात जातो आणि ताज्या हवेची जागा खातो. हवेच्या सेन्सरवर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे मारला, तिथे कापड किंवा बोट अजिबात लावू नका, आतली तार केसासारखी असते.

आणि आता लाज वाटणारा भाग. आकडे बघताना पेडलची पोझिशन पूर्ण दाबून ७८ टक्के दिसत होती. पूर्ण दाबल्यावर किती दिसतं ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, बऱ्याच गाड्या १०० दाखवतच नाहीत, म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. नंतर गाडी धुवायला मॅट काढलं, सहज बघितलं तर ८६. दोन मॅट एकावर एक होते, वरचं मीच टाकलेलं. शिवाय मागचं डावं चाक चालवून आल्यावर उजव्यापेक्षा गरम लागायचं, हँडब्रेकची केबल गंजून पूर्ण सुटत नव्हती. म्हणजे एक ब्रेक लावून आणि पेडल अर्धवट दाबून मी इंजिनला शिव्या देत होतो.

तुमची पेट्रोल असेल तर यातलं टर्बोचं पुराण सोडून प्लग, कॉइल आणि चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्यापासून सुरुवात करा. आणि आरपीएम चढतात पण स्पीड चढत नाही असं असेल तर बॉनेट उघडूच नका, क्लच घसरतोय.

४० ते ८०, तिसरा गिअर, तोच चढ, तेवढीच माणसं. आधी १७ सेकंद, आता ११. एक गोष्ट बाकी आहे, टायर. कंपनीचा साइज २३५/७० आर १६ आणि मी हौसेने २४५/७५ टाकलेत, त्याने चाक ७३५ मिलीमीटरचं ७७४ झालं, म्हणजे सगळे गिअर ५ टक्क्यांनी लांब झाले आणि स्पीडोमीटर पण तेवढाच कमी दाखवतो. दिसायला मात्र भारी दिसतात. झिजले की बघू.