प्लेटवर दिसले, जेलवर नाही

ॲट्राझीन हे तणनाशक पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला 33 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून लिटरभर अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, अर्धा ग्रॅम घातलं की प्लेट दुधाळ होते, आणि ते फोडणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. नायट्रोजनसाठी दुसरं काही द्यायचंच नाही, म्हणजे ॲट्राझीन फोडणारेच नीट वाढतात.

त्या सकाळी अशी कडी दिसली. माती सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या रानातली, बांधालगत पाठीवरचे पंप धुतात तिथली. विहीर हाकेच्या अंतरावर. तिच्या पाण्याच्या प्लेटवर मात्र एकही कडं नव्हतं.

दुपारी त्या वसाहतींवर ॲट्राझीनमधला क्लोरीन काढणाऱ्या एटीझेडए जनुकासाठी पीसीआर लावला: जनुक असेल तर त्याच्या भरपूर प्रती होतात आणि जेलवर पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. हे जनुक मिनेसोटात तणनाशक सांडलेल्या मातीतून मिळालेल्या स्यूडोमोनास एडीपी या जिवाणूमधलं. जेलवर कंट्रोलचा, म्हणजे जनुक नक्की असलेल्या नमुन्याचा, बँड लख्ख, आमच्या नमुन्यांच्या लेन कोऱ्या. सहकारी म्हणाले, कडी फसवी असतील. मला ते पटेना. समोर पांढरी पूड नाहीशी होत होती! ॲट्राझीनमधला क्लोरीन काढणारं आणखी एक जनुक आहे, टीआरझेडएन, आर्थ्रोबॅक्टर ऑरेसेन्स टीसी1 या जिवाणूमध्ये असलेलं. काम तेच, पण डीएनएचा क्रम इतका वेगळा की एकाचे प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे, दुसऱ्याला लागू होत नाहीत. टीआरझेडएनचे लावले, आणि संध्याकाळी आमच्या लेनमध्ये बँड उमटले.

मला याचं फार मोल वाटलं. एडीपी ॲट्राझीनकडे वळतो तो नायट्रोजनसाठी, आणि उसाला युरिया काही कमी पडत नाही. टीसी1 ॲट्राझीनच्या रेणूच्या बाजूच्या साखळ्यांमधून कार्बनही मिळवतो. अशा रानात तसलाच जिवाणू टिकला असेल, असं मला वाटतं.

शेतकरीकाकांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी नेमकं विचारलं, "मॅडम, मातीतलं जंतू औषध खात्यात, मग हिरीतलं का खाईनात?"

म्हटलं, "काका, विहिरीत औषध पोचतं ते अगदी थोडं. तेवढ्यावर त्यांचं पोट भरत नाही. पण औषध मातीला घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि तिथे लवकर मोडत नाही. पंप विहिरीपासून लांब धुवा."

आता विहिरीच्या तळाचा गाळ मागवला आहे. भूजलातले बरेचसे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, कणांना चिकटलेले असतात. या वेळी दोन्ही प्रायमर एकदमच लावणार आहे.