हर्णैला उघड्या समुद्रात माल भरायचा होता, अडलो 'धक्क्याची लांबी' या रकान्यात (माझा अनुभव)

माल भरायच्या परवानगीच्या फॉर्ममधल्या एका रकान्यापायी माझे 7 आठवडे गेले, अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून ठेवतोय.

मित्राचं शिडाचं गलबत आहे, इंजिन नाही, भरल्यावर 2 मीटर पाण्यात बसतं. हर्णैहून सुपारी आणि कोकम मुंबईला न्यायचं ठरलं. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मच्छीमार बोटींची गर्दी, तिथे आपल्याला जागा नाही, म्हणजे बाहेर उघड्यावर नांगर टाकायचा आणि पडावाने, म्हणजे माल वाहायच्या लहान होडीने, माल न्यायचा. आजी सांगायची, मुंबईची बोटही अशीच बाहेर थांबायची आणि माणसं पडावातून चढायची.

जागा बघायचं काम तीन दिवसांत झालं. तांडेल काकांची होडी घेतली, खोली मोजायला 3 किलोचं शिसं दोरीला बांधलं, शिशाच्या बुडाच्या खळग्यात साबण दाबला. साबणाला करडा चिखल चिकटून आला की बरं वाटायचं, नांगर धरणार. एका जागी साबण कोरा वर आला, वर ओरखडा, म्हणजे खाली खडक, ती जागा तिथेच सोडली. पहिल्या दिवशी मी 4.5 मीटर लिहून खूश होतो, पण काकांनी विचारलं भरती किती होती. भरती-ओहोटीच्या टेबलात बघितलं तर त्या वेळी 1.8 मीटर होती. वजा करून 2.7 उरले आणि त्यात लाट धरली तर भरलेल्या गलबताच्या बुडाखाली काहीच नाही. मग आणखी बाहेर सरकलो, ओहोटीलाही 5 मीटर मिळतील अशा जागी.

आता फॉर्म. रकाना होता 'धक्क्याची लांबी (मीटर)'. धक्काच नाही म्हणून रिकामा ठेवला, 12 दिवसांनी परत. 'लागू नाही' लिहिलं, पुन्हा परत, आकडा पाहिजे. शून्य टाकलं तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "धक्का नाही तर माल चढवणार कसा?" मी पडाव सांगितला, मोजमापाचा कागद दाखवला, त्यांनी बघितलाही नाही, म्हणाले रकाना भरून आणा. दर वेळी दापोलीहून एसटी, दर वेळी अर्धा दिवस बाकावर. तिकडे सुपारी पोत्यांत पडून, शेतकऱ्यांचे फोन, आणि जून आला की पश्चिमेला उघड्या असलेल्या किनाऱ्यावर असं काही करताच येत नाही. एकदा तर काका स्वतः सोबत आले, चार तास बसले, त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. चाळीस वर्षं त्या पाण्यात काढलेला माणूस समोर बसलेला होता हो.

शेवटी दुसऱ्या टेबलावरच्या एका मॅडमनी मार्ग सांगितला. रकान्यात 'सोबतचा कागद पाहा' लिहा आणि वेगळ्या कागदावर सगळं द्या. नांगराची जागा, ओहोटीची खोली, तळ, पडाव किती टनाचा, किती वाजता भरणार. तसं दिलं आणि 8 दिवसांत मंजुरी आली. पहिल्याच दिवशी कोणी हे सांगितलं असतं तर!

वेळेचं म्हणाल तर आम्ही पहाटे साडेसहाला सुरू करून साडेदहाला थांबायचो. तोवर मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, असतो, पाणी शांत. नंतर समुद्राकडून येणारा खारा वारा धरतो आणि पडाव गलबतावर आपटायला लागतो. निघायचंही मतलईवरच, कारण दुपारी वारा किनाऱ्याकडे लोटतो आणि शिडाच्या बोटीचा नांगर सुटला तर ती सरळ वाळूवर.

हे आधी लिहायला हवं होतं, अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला एकदा किनाऱ्यावरून बघून या, एरवी झाकलेले खडक तेव्हा उघडे पडतात. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, गलबत त्याभोवती फिरतं, आम्ही चारी बाजूंना 60 मीटर मोकळे धरले होते, तेवढ्यात कोणाची जाळी नाहीत ना ते विचारून घ्या. आणि मोजायची दोरी आधी भिजवून ताणा, मगच दर मीटरला चिंधी बांधा, सुती दोरी भिजली की आखडते आणि सगळे आकडे चुकतात.