उजव्या बुटातला कागद

शनिवार, रात्री

दादाचा फोन होता. इकडचं-तिकडचं झालं, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं करून त्याने विचारलं, "बूट आले ना? उजव्याला कसा बसतोय?"

"मस्त."

फोन ठेवून वळले तर खोका समोरच. मंगळवारपासून तिथेच पडलाय. डावा बूट बाहेर, कलंडलेला. उजवा आत, आणि त्याच्या पोटात कारखान्यात कोंबलेला कागद जसाच्या तसा. मंगळवारी मी डावा घातला, घरभर फिरले, दोनदा जिना चढले-उतरले, उकिडवी बसून बघितलं. मग तो काढला. पुढे काय केलं ते आठवत नाही. उजवा घातला नाही, एवढं मात्र तो कागद सांगतोय.

घातला नाही, ठीक आहे. दमले असेन, विसरले असेन. पण "मस्त"? क्षणाचाही विचार न करता? दादाशी मी खोटं बोलत नाही अशातला भाग नाही, स्नोमोबाईलच्या, म्हणजे आमच्या बर्फावरच्या गाडीच्या बाबतीत तर आम्ही दोघंही सर्रास बोलतो. पण अशा वेळी आपण खोटं बोलतोय हे निदान मला तरी ठाऊक असतं.

आणि निष्काळजीपणा म्हणावं तर तीन आठवडे मी या बुटांचाच अभ्यास करतेय. आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन की बुटावर "४०० ग्रॅम" लिहिलेलं असतं ते बुटाचं वजन नव्हे, एक चौरस मीटर अस्तराचं वजन. की "उणे ४० अंशांपर्यंत" या शिक्क्याला सगळ्यांना बांधणारं एकच माप नाही, ज्याची त्याची मोजपट्टी. शिवाय तो आकडा चालत्या माणसाला धरून आहे की गाडीवर वारा खात बसलेल्या, हे तिथे कुणी लिहीत नाही. की दोन जाड मोजे घातले की पाय जास्त गारठतो, कारण बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि उबेला धरून ठेवायला हवाच उरत नाही. आतलं अस्तर सुटं निघणारं हवं, म्हणजे रात्री वेगळं वाळवता येतं. तळ असा हवा की रनिंग बोर्डवर, म्हणजे गाडीच्या बाजूला पाय ठेवायच्या पट्टीवर, साचलेल्या बर्फात खाचा भरून गुळगुळीत होणार नाही. सगळं वहीत आहे. रकाने पाडलेत, वहिनीला दाखवलं तर ती म्हणाली, लग्नाची यादीसुद्धा इतकी नीट केली नव्हती आपण.

त्या वहीत एक रकाना रिकामा आहे. "उजवा." तोही आजच दिसला.

गेल्या वर्षीचे बूट खाली रबर, वर कापड, आत फेल्टचं अस्तर असे होते. उबदार, मऊ, घोट्याशी अगदीच पोतडी. त्यातला डावा अजून कपाटात आहे. उजवा त्या दिवशी दवाखान्यात कात्रीने कापला. डोंगरावर कुणीतरी मला सांगत होतं की बूट काढू नका, फक्त नाडी सैल करा, तोच आता तुमचा आधार आहे. मी काढणार कशाला होते, मला त्या पायाकडे बघायचंच नव्हतं. (कदाचित तेव्हापासूनच बघत नसेन. हे आत्ता लिहिताना सुचलं, खरं असेलच असं नाही.)

झालं काय होतं, तर उतारावर आडवी गाडी घेत होते. असं करताना गाडी डोंगराच्या बाजूला कलती ठेवायची, आपण वरच्या बाजूच्या बोर्डवर उभं राहायचं आणि कललेली गाडी तशीच तोलून धरायची. ती जरा जास्त कलली. मी पाय बाहेर टाकला. सायकल पडायला लागली की टाकतो तसा. भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच रुतला, अडीचशे किलोची गाडी मात्र पुढे जात राहिली. पाय एकीकडे आणि मी एकीकडे. बाहेरच्या हाडाला प्लेट आणि सहा स्क्रू, आतल्या बाजूला आणखी दोन. दादा पुढे होता. त्याने काय पाहिलं, काय नाही, हे आम्ही अजून बोललेलो नाही.

तर प्रश्न असा की कुठला बूट असता म्हणजे हे झालं नसतं? दादाचं मत मोटोक्रॉसचे, खडबडीत वाटेवरच्या मोटरसायकल शर्यतीचे घे. घोट्याशी बिजागरी, नडगीवर ढाल, बकला, चिलखतच. पण ते थंडीसाठी नव्हेत, आणि चिलखताचीही एक गंमत असते. पिळवटणारा जोर बुटात जिरून जात नाही, घोटा वळू दिला नाही तर तो वर सरकतो. स्कीइंगवाल्यांचं हे भोगून झालंय. चामड्याचे मऊ बूट होते तेव्हा त्यांचे घोटे मोडायचे. १९६० नंतर प्लास्टिकचे ताठ बूट आले, घोटे वाचले, आणि मोडायची जागा वर गेली, बुटाच्या काठाशी नडगी, त्याच्याही वर गुडघा. बूट म्हणजे एका अर्थी कुठे मोडायचं ते ठरवणं. बाजूने ताठ आणि पुढे वाकणारा, असा मधला मार्ग मी निवडला. पण रुतलेल्या पायाला आणि पुढे जाणाऱ्या गाडीला कुठल्याही बुटाचं उत्तर नाही. तिथे उत्तर एकच, पाय बाहेर टाकायचा नाही. गाडी पडतेय तर पडू द्यायची. ते कुठल्या खोक्यातून येत नाही.

हे मला ठाऊक होतं. तीन आठवडे ठाऊक होतं. तरी रकाने पाडत बसले.

फिजिओबाईंनी भिंतीशी एक चाचणी शिकवली आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजायचं. डावा अकरा सेंटिमीटर. उजवा सहा, एखाद्या दिवशी साडेसहा. मोडेन पण वाकणार नाही हे बाणेदार माणसाचं ब्रीद असेल, त्या म्हणाल्या, घोट्याचं असू नये. पोटरीचाही घेर मोजतात. छत्तीस आणि चौतीस. आणि पावलावर मधोमध तीन बोटं रुंद जागा आहे ती मुकी आहे, तिथे हात लावला तर दुसऱ्या कुणाच्या पायाला लावल्यासारखा लागतो. येईल संवेदना, नाहीतर नाही येणार. असं डॉक्टर म्हणाले.

लोकांना बरं असतं. सकाळी उठतात, दोन्ही पाय खाली टाकतात आणि निघतात. पायाला काय वाटतंय हे विचारावं लागत नाही. मी दहा महिने रोज पायरीपायरीवर एका पायाची मनधरणी करतेय, त्याला कसं वाटेल, त्याला चालेल ना, आणि त्याच्यासाठी एवढे बूट शोधून आणले तर माझ्या हातून त्याच्या पायात तेच घातले जात नाहीत. आईला तर अजून सांगितलंच नाहीये की यंदाही जाणार आहे. हौस कुणी सांगितली होती असं ती म्हणणार नाही. गप्प बसेल. तेच वाईट.

रडून झालं. जरा वेळ उठून आले.

मघाशी उगाच ती गोष्ट आठवली. बोंबार्डिये नावाचा कॅनडातल्या क्यूबेकचा मेकॅनिक. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा नाद त्याला पोरवयापासूनच होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, बर्फाने वाटा बंद, दवाखाना गाठता आला नाही, पोर गेलं. त्यानंतर तो त्या गाडीमागे हात धुऊन लागला आणि तीन वर्षांनी सात माणसं बसतील अशी गाडी बाहेर आणली. तिच्यातून पुढे डॉक्टर फिरले. आम्ही उंडारतो ती हलकी, मजेची गाडी त्याच्याच कारखान्याची, पण बरीच नंतरची, १९५९ ची. म्हणजे मूळ हट्ट आजारी माणसाला दवाखान्यात पोचवण्याचा. मी त्याचं सार्थक केलं. आधी गाडीने पाय मोडून घेतला आणि मग दुसऱ्या गाडीमागच्या घसरगाडीत आडवी होऊन दवाखाना गाठला. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, माझं पाय दाखवून.

तर मग घातला. उजवा. आत्ता, साडेदहाला.

संध्याकाळी पाय सुजतो, तेव्हा माप बघायचं तर हीच वेळ बरी, असं स्वतःला समजावलं. एकच लोकरी मोजा. कागद ओढून काढला तर निघता निघेना, सापाच्या कातेसारखा लांब येत राहिला. या बुटाला नाडी नाही. बारीक तार आहे आणि ती आवळायला दोन चकत्या, एक पावलासाठी, एक नडगीसाठी. दाबून फिरवली की टकटक करत आवळते, बाहेर ओढली की एकदम सगळं सुटतं. दोन्ही सोडल्या, जीभ पुढे ओढली, तरी टाच खाली जाईना. ताठ बुटात शिरायला पाऊल सरळ खाली ताणावं लागतं आणि माझं तेही पूर्ण ताणलं जात नाही, हे वहीत कुठेच नव्हतं. शेवटी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी बूट वर ओढला. टाच धप्पकन बसली.

खालची चकती चार टक. घोट्याच्या बाहेर, स्क्रूची डोकी आहेत तिथे, कुणीतरी बोट ठेवून उभं आहे असं वाटलं. दुखलं नाही. बोट मात्र काढेना. वरची चकती फिरवत गेले, डाव्याला जिथे थांबले होते त्याच्या पुढे पाच टक गेली तेव्हा कुठे नडगी धरली. चौतीस सेंटिमीटर. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिले, आधी दोन्ही पायांवर, मग नुसत्या उजव्यावर, कठडा धरून. मग कठडा सोडून. वीस मिनिटं घरात फिरले. छान वाटलं, खरंच. पाय कुणीतरी सांभाळून धरल्यासारखा. म्हटलं, चला, मघाचं "मस्त" काही अगदीच खोटं नव्हतं, थोडं लवकर बोललं गेलं इतकंच.

काढला, मोजा उतरवला आणि दिव्याखाली पाय धरला. पावलावर मधोमध लाल पट्टा. बुटाच्या जिभेची शिवण जिथे येते तिथेच, बोटभर लांब, शिवणीचे टाकेसुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ उमटलेला. आणि मला वीस मिनिटांत त्याचा पत्ता नाही. ती मुकी जागा.

म्हणजे मी पायाला विचारलं होतं, कसा बसतोय, आणि तोही म्हणाला होता, मस्त.

हसू आलं. एकटीच हसले, बराच वेळ. दहा महिने वाटायचं पाय एकीकडे आणि मी एकीकडे, आणि आम्ही दोघं तर एकाच वळणाचे. कुणी विचारलं की मस्त, आणि आत शिवण रुतलेली. उणे पंधरा-वीस अंशांत ही जागा पांढरी पडायला लागली तरी हा मला कळवणार नाही. बुटात ठेवायच्या त्या गरम पुड्याही नकोत मग, भाजलं तरी हा मस्तच म्हणेल. याच्यावर विसंबून चालणार नाही, थांबलो की बूट काढून डोळ्यांनी बघावं लागेल. दर तासाला. बाकीचे फोटो काढतील, मी पाय बघत बसेन. बसेन.

पट्टा उतरायला पाऊण तास लागला. तोवर फेल्टचा तुकडा शोधून घोट्याच्या मापाची चकती कापली, मधे भोक पाडलं, म्हणजे दाब स्क्रूवर न येता भोवती पसरेल. अंदाजाने कापली, वाकडी झाली. आणि बूट बदलायचा, तो तर बदलावाच लागणार.

दादाला लिहिलं, "उजवा मघाशी घातलाच नव्हता. आत्ता घातला. घोट्याला दाबतो आणि वर जिभेची शिवण लागते, कळत नाही पण लागते. परत पाठवतेय."

वाटलं होतं, काहीतरी म्हणेल.

त्याचं उत्तर आलं, "अर्धा नंबर मोठा, की तोच नंबर पण रुंद?"

रुंद, मी लिहिलं. जीभ बिनशिवणीची असेल असा.

मग खोका भरायला घेतला. परत पाठवायचे तर आले तसे दिसायला हवेत. डाव्यातला कागद मी मंगळवारीच फेकलाय. उजव्यातला जमिनीवर पडला होता, तोच उचलला, मधोमध फाडला आणि दोन्ही बुटांत अर्धा-अर्धा कोंबला.