बगळ्यांची ताटली

दुपारी जेवून आडवी झाले, झोप काही येईना, म्हणून फोन चाळत होते. मध्येच एक ताटली समोर आली. मातीची, फिकट पिवळसर, आणि तिच्यावर लालसर रंगात बगळ्यांची रांग. रोमच्या वायव्येला चेरवेतेरी नावाचं गाव आहे. तिथल्या एट्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्याही आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या, थडग्यांत अशा ताटल्या सापडतात, इ. स. पू. सातव्या शतकातल्या. म्हणजे मेलेल्या माणसाच्या सोबतीला ठेवलेलं सामान. अभ्यासकही त्यांना सरळ ‘बगळ्यांच्या ताटल्या’च म्हणतात.

मान म्हणजे कुंचल्याचा एकच हेलकावा, तो पुढे निमुळता झाला की चोच, खाली दोन काड्या. झाला बगळा. किती बिनधास्त हात!

आमची मावशी पाटीवर २ काढायची आणि त्याचं बदक करून द्यायची. वरच्या गाठीत डोळा, पुढे चोच, शेपटी तर आयतीच. मी हौसेनं खाली पाय काढायला जायची, की ती पेन्सिल काढून घ्यायची. “अगं, पाय पाण्यात असतात त्याचे. दिसत नाहीत, तर काढायचे कशाला?” आणि खाली एक नागमोडी रेघ ओढायची. तेवढ्यानं तळं व्हायचं. आम्ही भाचरं पाट्या भरभरून बदकं काढायचो, सगळी बिनपायांची.

थडग्यातल्या पक्ष्यांबद्दल जाणकार जे सांगतात ते थोडंफार मावशीसारखंच आहे. पाणपक्षी जमिनीवर चालतो, पाण्यात उतरतो, आभाळात उडतो. म्हणून इथून तिथे जाणाऱ्याला तोच सोबती. (इथे मराठी माणसाला कावळा आठवणारच. पण त्याच्यावर इतकं लिहून झालंय की मी त्याला आज पिंडाजवळच बसू देते.) रोमजवळच्याच वेई इथे एका थडग्याच्या भिंतीवर बदकांची ओळच आहे. इटलीतल्या सगळ्यात जुन्या चित्रित थडग्यांपैकी ते एक.

त्याच वेईत २००६ साली आणखी एक थडगं सापडलं, तेही थडगी लुटणाऱ्या एकानं पोलिसांना दाखवलं म्हणून. साधारण इ. स. पू. ६९०चं. त्यात वर पक्षी आणि खाली जबडे वासलेले सिंह. सिंह म्हणे परलोकातलं भय. आता ते सिंह बघा. दात भरपूर, जीभ लांब, पण अंगानं घोडा म्हणावं की हरिण, कळत नाही. रंगवणाऱ्यानं सिंह जन्मात पाहिलेला नसणार. कुणा परदेशी भांड्यावरचा पाहिला असेल, नाहीतर नुसतं वर्णन ऐकलं असेल.

बगळ्याचं तसं नाही. तो रोज सकाळी ओढ्याकाठी उभाच.

मावशी गेली तेव्हा मी परगावी होते. तिचा चेहरा शेवटचा पाहिला नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर येतो तो तिचा पेन्सिल धरलेला हात. असो. हे आत्म्याचं, सोबतीचं वगैरे त्या चेरवेतेरीच्या रंगाऱ्याच्या मनात होतं की नाही, देव जाणे. त्याला बगळा चांगला येत असेल, गिऱ्हाईकही बगळाच मागत असेल. त्यानं काढला.