कॉन्ट्रॅक्टर नाही म्हणून अडलेलं आमचं किचन : माझा अनुभव

कोथरूडमधला आमचा फ्लॅट 1993 चा, ओटाही तेव्हाचाच, 30 इंच उंचीचा, खाली कडप्प्याचे कप्पे. मी 66 वर्षांची, ह्यांना 71 पूर्ण. खालच्या कप्प्यातला मोठा कुकर काढायचा तर फरशीवर बसावं लागायचं आणि उठताना गुडघे नको म्हणायचे. म्हणून किचन करायचंच ठरलं, आणि इंटिरियरवाल्यांचे आकडे ऐकल्यावर आपलं आपण करायचं हेही ठरलं. हे आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, ड्रिलची सवय आहे. तोडफोड आणि ग्रॅनाइटला गवंडी, पाण्याला प्लंबर, वायरिंगला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन, बाकी मापं, ड्रॉइंग, खरेदी, ट्रॉल्या बसवणं, रंग हे सगळं आम्ही दोघं.

खरेदी मस्त झाली, भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय, तपकीर गल्लीत लाइट आणि स्विच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्लायवर आयएस 710 (पाणी सोसणारा मरीन प्लाय) लिहिलेलं बघून घ्या, सिंकखाली तोच लागतो.

अडलं ते सोसायटीच्या ऑफिसात. परवानगी घ्यायची हे मला मान्यच आहे, फ्लॅटमध्ये बदल करायचा तर कमिटीची आधी लेखी परवानगी लागते असं उपविधीतच आहे, आणि आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या कामाने खालच्यांचं सिलिंग गळलं होतं त्यामुळे कमिटी कडक झाली तेही बरोबर. पण त्यांच्या छापील फॉर्मवर एक रकाना होता, ‘कॉन्ट्रॅक्टरचे नाव, सही व शिक्का’. तो मी मोकळा सोडला. मॅनेजरने फॉर्म तसाच परत सरकवला.

‘काकू, कॉन्ट्रॅक्टर राहिलाय.’
‘राहिला नाही, नाहीच आहे. आम्हीच करतोय.’
‘मग कोणाचंही टाका ना, फॉर्म पुढे जायला पाहिजे.’

कोणाचंही का टाकू? उद्या काही झालं तर तो माणूस सापडणार आहे का? मुलगा फोनवर म्हणाला गवंड्याचं नाव घाल आणि मोकळी हो, पण गवंडी बिचारा ओट्यापुरता येणार, त्याच्यावर सगळ्या घराची जबाबदारी कशी टाकायची. परत गेले की मॅनेजर म्हणणार सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणणार मीटिंगमध्ये ठेवू, मीटिंग महिन्यातून एकदा, आणि मीटिंगच्या दिवशी फॉर्म अपूर्ण म्हणून विषयच घेतला नाही. मधेच कोणीतरी ‘या वयात कशाला’ असंही म्हणालं, त्याचा मला फार राग आला, अजून आहे. वय काय फॉर्ममध्ये लिहायचं असतं का? तोवर टाइलवाल्याचे फोन, माल कधी पाठवू, आणि परवानगीशिवाय वॉचमन एक पोतंसुद्धा गेटच्या आत घेऊ देत नाही, त्याचंही काम आहे ते.

शेवटी फॉर्म बाजूला ठेवला आणि साध्या कागदावर अर्ज लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं की काम आम्ही सभासद स्वतः करणार, भिंत, कॉलम, बीम, स्लॅब कशालाही हात लागणार नाही, सिंक आणि आउटलेट आहे त्याच जागी राहणार. ग्राफ पेपरवर ह्यांनी ओट्याचं ड्रॉइंग काढलं, कॉलम-बीम लाल पेनने दाखवले. इलेक्ट्रिशियनच्या लायसन्सची झेरॉक्स, येणाऱ्या कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, आणि खाली गळती झाली तर खर्च आमचा असं दोघांच्या सहीचं हमीपत्र. सगळ्याच्या दोन प्रती, आणि एका प्रतीवर तारखेसकट पोच. हे सगळ्यात महत्त्वाचं, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, कारण शिक्का पडला की कागद हरवत नाही. पुढच्या मीटिंगला चेअरमननी अर्ज वाचून दाखवला आणि परवानगी मिळाली. आता त्याच रकान्यात ‘कॉन्ट्रॅक्टर / सभासद स्वतः’ असं छापलंय. ते माझ्यामुळे झालं, आणि मला त्याचा आनंद आहे.

त्यानंतरचं काम सरळ झालं. ओट्याची उंची दुकानदाराला विचारू नका, सरळ उभं राहून हात कोपरात वाकवा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा घ्या. माझा 33 आला. शेगडीची स्वतःची उंची त्यात वाढते म्हणून शेगडीखालचा भाग दोन इंच खाली घेतला, आता कढईत बघायला खांदे उचलावे लागत नाहीत. खालचे कप्पे गेले, तिथे ट्रॉल्या. ट्रॉली ज्यावर सरकते ते टेलिस्कोपिक चॅनल 45 किलो वजन पेलणारे घेतले, आणि ह्यांनी पहिली ट्रॉली बसवून लेव्हल बॉटल ठेवली तेव्हा बुडबुडा बरोब्बर मधे होता. जड कुकर आता कमरेच्या उंचीवर बाहेर येतो.

हो, काम चालू असताना बाल्कनीत इंडक्शनवर स्वयंपाक करणार असाल तर 2000 वॅटची शेगडी 6 अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, ती पावणेनऊ अँपिअर ओढते. 16 चा पॉइंट आधी करून घ्या, मग तोडफोड. आणि शिडीवर एकजण असताना दुसऱ्याने शिडी धरायचीच, फोन वाजला तरी सोडायची नाही.

राडारोडा नदीकाठी टाकून येतो म्हणणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, त्याला नाही म्हणा. 2016 पासून बांधकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत आणि महापालिकेचा राडारोड्याचा प्रकल्प वाघोलीला आहे. आम्ही फरशीचे तुकडे पोत्यात वेगळे भरले, लाकूड वेगळं.

कामासाठी सोसायटीकडे ठेवलेल्या डिपॉझिटचं सांगायचं राहिलं. काम संपलं त्याच दिवशी लेखी मागा, खालच्या मजल्यावरच्यांकडून ‘गळती नाही’ अशी दोन ओळींची चिठ्ठी जोडा आणि त्याचीही पोच घ्या. आमचा चेक तसाच मिळाला.