मांडीवरून सीटवर: लेकीसाठी कार सीट निवडतानाचा माझा अनुभव

दिवाळीला सासरी, म्हणजे साताऱ्याला जायचे ठरले तेव्हा आमची लेक नऊ महिन्यांची होती. तोवर पुण्यातल्या पुण्यात डॉक्टरांकडे किंवा माहेरी जाताना मी तिला मांडीवर घेऊनच गाडीत बसत असे आणि त्यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नव्हते. साताऱ्याची वाट मात्र वेगळी आहे. मालट्रकांची अखंड वर्दळ आणि पुढे खंबाटकीचा घाट डोळ्यांसमोर आला, तसा नवऱ्याने एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेआठ किलोची आमची मुलगी जवळजवळ १२० किलोच्या जोराने माझ्या हातांतून पुढे खेचली जाईल. तो आकडा पाहिल्यावर मांडीचा विषय आमच्या घरात संपला. चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे आणि ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे, हे मला नंतर वाचनात कळले.

पहिली सीट घाईघाईने ऑनलाइन मागवली आणि परत पाठवली. वर्णनात ‘सुरक्षितता प्रमाणित’ असे ठळकपणे लिहिले होते, परंतु सीट उलटीपालटी करून पाहिली तरी चाचणीचे लेबल कुठेच सापडले नाही. युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेल्या सीटवर नारिंगी लेबल असते. त्यावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, शिवाय आर४४ किंवा आर१२९ यांपैकी कोणते मानक लावले तेही छापलेले असते. माझे स्पष्ट मत आहे की गादी किती मऊ आणि कापड कोणत्या रंगाचे हे पाहण्याआधी आईवडिलांनी हे लेबल शोधावे, कारण सीट कोणत्या चाचणीतून गेली आहे ते तेवढेच सांगते.

त्यानंतर आम्ही दुकानात गेलो आणि लेकीलाही सोबत नेले. दुकानदारांनी सांगितले की ९ किलो वजन झाले की मुलाला पुढे तोंड करून बसवता येते. आर४४ मध्ये वजनाचे गट आहेत आणि पुढे तोंड करून बसवण्याचा गट खरोखरच ९ किलोपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण आर१२९ हे नंतरचे मानक उंचीवर आधारलेले आहे आणि त्यात १५ महिने पूर्ण होईपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावे लागते. त्याचे कारण मला पटले. या वयात डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान कोवळी असते. गाडी समोरून धडकली की पुढे तोंड असलेल्या मुलाचे खांदे पट्ट्यांनी अडतात आणि डोके मात्र पुढे झेपावते, तर मागे तोंड असलेल्या मुलाचे डोके, मान आणि पाठ यांना सीटची पाठ एकत्र आधार देते. म्हणून जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी, पण १३ किलोपर्यंत मागे तोंड करून लावता येणारी सीट घ्यायची, असे आम्ही ठरवले.

खरी अडचण गाडीत आली. आमची हॅचबॅक २०१४ ची असून तिच्यात आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट थेट गाडीला अडकवण्याच्या कड्या नाहीत, म्हणजे सीट गाडीच्या बेल्टनेच बांधणे भाग होते. मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा बेल्ट आहे, खांद्यावरून येणारा नाही, त्यामुळे ती जागा बाद झाली. पुढच्या सीटसमोर एअरबॅग आहे, आणि चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट कधीही लावायची नसते, कारण एअरबॅग उघडताना नेमकी बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते. उरली चालकाच्या पाठीमागची आणि डावीकडची जागा. दुकानात सर्वांत आवडलेली सीट डावीकडे ठेवली, बेल्ट तिच्याभोवतीच्या खाचांतून फिरवला आणि तो बकलपासून चार बोटे आधीच संपला. कितीही ओढला तरी तो पोहोचेना. दुकानदारांनी न कंटाळता दुसरी आणि मग तिसरी सीट गाडीपर्यंत आणून दिली. तिसरीचा बेल्टमार्ग आखूड होता आणि ती बसली. ती पहिलीपेक्षा स्वस्त होती, तरीही आमच्या गाडीसाठी तीच योग्य होती.

सीट घट्ट बसली की नाही हे पाहण्यासाठी बेल्ट जिथून जातो तिथे धरून ती हलवायची. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर गुडघ्याचा भार देऊन बेल्ट पुन्हा ओढायचा. आम्हाला तीन वेळा ओढावा लागला. मग लेकीला बसवले, खांद्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येतील अशा खाचांत घातले आणि घट्ट केल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल, बोटे नुसती घसरली तर ठीक. जाड स्वेटर घालून ही परीक्षा होत नाही, म्हणून थंडीतही तिला पातळ कपड्यांत बसवून वरून पांघरूण घालायचे असे ठरले.

सासूबाईंना फोनवर हे सांगितले तेव्हा त्या काळजीने म्हणाल्या, “एवढ्या लांबवर लेकराला बांधून आणणार का गं?” त्यांच्या प्रश्नात मायाच होती, म्हणून मी त्यांना कागदावरचा हिशेब सांगितला. निघाल्यावर लेक खेड शिवापूरपर्यंत रडली. मी शेजारी बसून तिच्या हातात माझे बोट देत राहिले, पण पट्टे सोडले नाहीत. शिरवळला थांबून तिला उचलून घेतले, दूध पाजले आणि पुन्हा बसवले. खंबाटकी चढताना ती झोपली होती. दोन दिवसांनी वाईला जाताना सासूबाई स्वतः तिच्या शेजारी बसल्या आणि गाडी सुरू होण्याआधी खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहू लागल्या.

आता ती १६ महिन्यांची असून तिचे वजन साडेदहा किलो आहे. डोके अजून सीटच्या वरच्या कडेखाली आहे, त्यामुळे ती मागे तोंड करूनच बसते. गेल्या आठवड्यात खांद्याचे पट्टे मात्र एक खाच वर घेतले.