मिशनच्या शाळेतली शिस्त: तुम्ही विचारलंत म्हणून

जून महिन्यात प्रवेशाच्या वेळी पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते. "बाई, मिशनच्या शाळेत शिस्त कडक असते म्हणून पोराला इथे घालतोय. चुकला तर खुशाल फोडून काढा, आम्ही विचारायला येणार नाही." त्यापाठोपाठ प्रश्न येतो, की मुळात ही शिस्त तुम्ही लावता तरी कशी? सांगलीतल्या अशा शाळेत माझी सव्वीस वर्षे गेली आणि मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही नात्यांनी विचारला जातो.

छडीचे समर्थन करणारे आमच्यातही आहेत. नीतिसूत्रे 13:24 मध्ये छडी आवरणाऱ्या बापाला मुलाचा वैरी म्हटले आहे, हे वचन त्यांना तोंडपाठ असते. पण त्याच बायबलातले इफिसकरांस पत्र 6:4 बापांना मुलांना चिरडीस आणू नका असे बजावते आणि मत्तय 18:15 तर सरळ रीतच घालून देते, की कोणी चुकला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखवा. शाळेच्या शिस्तीसाठी मला याहून उपयोगी वचन सापडलेले नाही. ते मला पाठ होते, तरीही मी त्याच्या उलट वागले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी हातभर मेंदी लावून आली. तिचे आजोळ शिराळ्याचे, तिथली नागपंचमी म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. आमच्या डायरीत मेंदी, बांगड्या आणि टिकली यांना मनाई होती. मी तिला प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे केले आणि हात वर करून दाखवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वही तपासताना तिचे हात जवळून दिसले. भांडी घासायच्या पावडरीने तिने ते इतके घासले होते, की मेंदी फिकट झाली होती आणि बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून लाल पडली होती. "अजून गेली नाही बाई, उद्यापर्यंत जाईल," एवढेच ती म्हणाली. मी तिच्या अंगाला बोटही लावले नव्हते, आणि तरीही तिला इजा झाली होती.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, आणि मी केले ते या दुसऱ्या प्रकारातले होते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. त्याचा अर्थ आपल्याला मोकळीक मिळाली असा काढणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. अल्पसंख्याक म्हणून मिळालेले संरक्षण शाळा चालवण्यासाठी आहे; मुलांना मारण्यासाठी किंवा लाजवण्यासाठी त्याची ढाल करणे मला लांच्छनास्पद वाटते.

त्या प्रसंगानंतर मी मुख्याध्यापिकांकडे गेले, आणि पुढच्या वर्षीच्या डायरीतून सणाच्या मेंदीवरची मनाई निघाली. प्रार्थनेबाबतही आमच्यात बरीच चर्चा झाली. आमच्या वर्गांत हिंदू, जैन आणि मुसलमान मुलेच जास्त असतात आणि राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार मान्यताप्राप्त शाळेला पालकांच्या संमतीविना मुलावर उपासनेची सक्ती करता येत नाही. म्हणून मुलांनी शांत उभे राहावे एवढीच अपेक्षा आम्ही ठेवली. हात जोडायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गणवेशाचा आग्रह मात्र मी पुष्कळ दिवस धरला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि कित्येक घरांतले कपडे, दप्तरे, पुस्तके सगळे चिखलात गेले. त्यानंतर काही आठवडे मुले मिळेल त्या कपड्यांत शाळेत येत होती, आणि त्या दिवसांत वर्गात जितकी शांतता होती तितकी मी क्वचितच अनुभवली आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. कोणी बाकावर कर्कटकाने नाव कोरले, तर सुटी झाल्यावर त्याला थांबवून घेते आणि दार उघडे ठेवून दोघेच बोलतो. काय झाले, ते आधी त्याने सांगायचे. मग पॉलिश पेपर घेऊन तो बाक त्यानेच घासायचा, आणि तो घासत असेपर्यंत मी शेजारी बसून वह्या तपासते. याला वेळ लागतो आणि कधीकधी माझी मिरजेची गाडी चुकते. तोच मुलगा महिन्याभराने पुन्हा कोरताना सापडला, तरी पुन्हा तसेच बसायचे. दुसऱ्या वेळी आई-वडिलांनाही बोलावते, पण तेही वर्गासमोर नाही. आणि "फोडून काढा" म्हणणाऱ्या वडिलांना मी एवढेच विचारते, की घरी तुम्ही त्याला मारता तेव्हा तो तुम्हाला नंतर काय सांगायचे बंद करतो?